सवलतीचं कलम आधी वाच

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यावर हितसंबंधी गटांचा हात कुठे कुठे फिरला, हे तुला शोधायचं आहे. मग १८९०च्या शर्मन कायद्यात फार वेळ घालवू नकोस. व्यापाराला अडथळा आणणारे करार बेकायदा आणि मक्तेदारी लादणं गुन्हा, एवढंच तो म्हणतो. कोणत्या धंद्याचं वजन किती, ते नंतरच्या सवलतींत दिसतं.

विम्याचं घे. जून १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार ठरवला, म्हणजे शर्मन कायदा लागू. मार्च १९४५मध्ये विम्याला सवलत देणारा मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा आला. मध्ये जेमतेम नऊ महिने! निकालाची आणि नव्या कायद्याची तारीख अशी शेजारी शेजारी मांडायची सवय लाव. मग कलम शब्दशः वाच. विम्यावर राज्याच्या कायद्याचं नियंत्रण नसेल तेवढ्यापुरताच केंद्राचा कायदा लागू होतो. बहिष्कार, जबरदस्ती आणि धमकी यांना मात्र सूट नाही. आरोग्य विम्याची बरीचशी सूट जानेवारी २०२१मध्ये काढून घेतली गेली. तेव्हा ‘विमा कंपन्यांना रान मोकळं’ असं लिहिलंस, तर पहिलाच जाणकार तुला अडवेल.

दबाव टाकतात ते बडेच, ही समजूतही सोड. किमतींतला भेदभाव रोखणाऱ्या १९३६च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याचा मूळ मसुदा घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलाने केला होता. रोख होता मोठ्या साखळी दुकानांवर.

लॉबिंग हाच गुन्हा, असं समजून बसू नकोस. पेनसिल्वेनियात २४ रेल्वे कंपन्यांनी ट्रकवाल्यांविरुद्ध प्रचार चालवला, तोही स्वतंत्र नागरिक-संघटनांच्या तोंडून. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकारकडे कायदा मागणं शर्मन कायद्यात बसत नाही, हेतू स्पर्धकाला संपवण्याचा असला तरी. अपवाद फक्त निव्वळ देखाव्याचा, म्हणजे कायदा मागण्याचं सोंग आणून स्पर्धकाला छळण्याचा.

आता कागद. लॉबिंगचे अहवाल दर तिमाहीला, तिमाही संपल्यावर २० दिवसांत दाखल होतात. त्यात मक्तेदारीविरोधी विषयाला स्वतंत्र संकेत (कोड) नाही. तो कामगार प्रश्नांबरोबर एकाच खान्यात कोंबलेला आहे (का, देव जाणे). म्हणून संकेतावर विसंबू नकोस, विधेयकाच्या क्रमांकाने शोध. खर्चाचा आकडा १०,००० डॉलरच्या पटीत असतो आणि कंपनी विधेयकाच्या बाजूने की विरोधात, हे अहवाल सांगत नाही. नवखे इथेच घसरतात: आकडा मोठा दिसला की त्यालाच कारण ठरवतात. बाजू कळते ती समितीपुढच्या साक्षी आणि मसुद्याच्या आवृत्त्या ताडून.

खटल्यातल्या तडजोडींसाठी १९७४चा टनी कायदा आहे. न्याय विभागाच्या तडजोडीवर ६० दिवस हरकती घेतल्या जातात, आणि कंपनीला सरकारी लोकांशी झालेला संपर्क १० दिवसांत न्यायालयात सांगावा लागतो. फट अशी की खटल्यातले नोंद असलेले वकील एकटेच न्याय विभागाशी बोलले, तर ते सांगावं लागत नाही. शेजारी कंपनीचा अध्यक्ष बसला असेल तर लागतं. ही नोंद दोन-चार ओळींचीच असली, तरी ‘संपर्क नाही’ याचा अर्थ ‘बोलणं झालंच नाही’ असा लावू नकोस.

न्याय विभागाने खटलाच मागे घेतला, तर यातलं काहीच लागू होत नाही. फेडरल ट्रेड कमिशन ही मक्तेदारीविरोधी कायदा राबवणारी दुसरी सरकारी संस्था, तिच्या तडजोडीही टनी कायद्याबाहेर. त्यामुळे तिन्हींच्या याद्या पहिल्यापासून वेगळ्या ठेव.