काकांवर आरोप काय होता?

प्रश्न : माझे थोरले काका १९६२ साली लालबागला राहत आणि कामगार युनियनच्या कचेरीत लिखापढीचं काम करत. चीनचं युद्ध चालू होतं. नोव्हेंबरात एका पहाटे पोलीस आले, ‘साहेबांनी बोलावलंय, तासाभरात आणून सोडतो’ म्हणाले. काका परत आले ते चौदा महिन्यांनी. खटला नाही, कोर्ट नाही, शिक्षासुद्धा नाही. चाळीत मात्र ते शेवटपर्यंत ‘चीनवाले’च राहिले. आजी म्हणायची, आरोप असता तर बरं झालं असतं, खोडता तरी आला असता. माझा भाचा वकिलीचा अभ्यास करतो. त्याचं म्हणणं, खऱ्या लोकशाहीत, निदान इंग्लंडमध्ये तरी, असं होऊच शकत नाही. खरं काय? काकांवर आरोप नेमका काय होता, आणि तो कागद आता कुठे मिळेल? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, साठ वर्षं उलटून गेली तरी ‘नाव छापू नये’ लिहावं लागतं, यावरून चाळीतल्या त्या कुजबुजीची मला कल्पना आली. नाव छापलेलं नाही.

काकांवर आरोप काहीच नव्हता. हरवला नाही, लपवलाही नाही. तो नव्हताच. आजी बोलत होत्या ते कायद्याच्या दृष्टीने अगदी अचूक होतं.

२६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच दिवशी भारत संरक्षणाचा वटहुकूम निघाला. त्याखालचे नियम म्हणजे ‘डीआयआर’. त्यातला नियम ३० असा : अमुक माणसाने देशाच्या संरक्षणाला बाधक असं काही करू नये म्हणून त्याला अटकावून ठेवणं आवश्यक आहे, असं सरकारचं ‘समाधान’ झालं, की स्थानबद्धतेचा हुकूम काढता येतो. माणसाने काय केलं, हा प्रश्नच नाही. तो पुढे काय करील, याबद्दल सरकारला काय वाटतं, एवढाच प्रश्न. साध्या काळातल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेत निदान कारणं लेखी द्यावी लागत आणि सल्लागार मंडळापुढे प्रकरण जाई. डीआयआरमध्ये तेही नव्हतं. दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हायचा, पण तोही सरकारनेच करायचा.

आमच्या वकिलीच्या धंद्यात या शब्दाची फार थट्टा चालते. ‘सॅटिस्फाइड’चं मराठी ‘समाधान’ ज्याने कुणी केलं, तो एक तर फार भाबडा असावा किंवा फार बेरकी. जेवून उठल्यावर होतं ते समाधान, आणि शेजारच्या घरातला माणूस पहाटे उचलल्यावर होतं तेही समाधानच.

आता भाच्याला सांगा, हा शब्द आपण इंग्लंडमधूनच आणला.

१ सप्टेंबर १९३९ ला, हिटलरने पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी, तिकडे संरक्षण नियम ‘१८ बी’ झाला. त्यातही मूळ शब्द ‘समाधान’च होता. पार्लमेंटमध्ये त्यावर ओरड झाली आणि दोनेक महिन्यांत शब्द बदलून घेतला गेला : गृहमंत्र्याला ‘तसं मानण्यास वाजवी कारण असेल तर’. खासदारांना वाटलं, जिंकलो. कारण वाजवी आहे की नाही, हे न्यायाधीश तपासू शकतो. समाधान कोण तपासणार?

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळू लागला आणि १८ बी चा खरा वापर सुरू झाला. २३ मे ला फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ले ब्रिक्स्टनच्या तुरुंगात गेला, पार्लमेंटचा विद्यमान सभासद कॅप्टन रॅमसेही गेला. महिन्याभराने मोस्लेच्या बायकोला नेलं, तेव्हा तिचं मूल अकरा आठवड्यांचं होतं. हे सगळे ब्रिटिश नागरिक, हे लक्षात घ्या. जर्मन, इटालियन असे परदेशी अडकवले ते वेगळ्या अधिकाराखाली, आणि ते सत्तावीस हजारांच्या घरात होते. १८ बी खालचे सगळे मिळून दोन हजारांच्या आत. दाद मागायची तर सल्लागार समितीपुढे. तिचे अध्यक्ष नॉर्मन बर्केट हे नावाजलेले वकील होते, पण तिथे स्थानबद्धाला स्वतःचा वकील नेता येत नसे!

मोस्लेबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. जर्मन सैन्य खाडीच्या पलीकडे उभं असताना मी त्या खुर्चीत असतो, तर त्याच्या हुकमावर मीही सही केली असती. पण जाळं टाकलं की एकटा मोस्ले येत नाही. बेन ग्रीन नावाचा साडेसहा फुटांहून उंच, युद्धालाच विरोध करणारा क्वेकर पंथाचा माणूस एका खबऱ्याच्या सांगण्यावरून आत गेला. पुढे खबऱ्याचं सांगणं टिकलं नाही आणि जानेवारी १९४२ मध्ये ग्रीन सुटला. मधलं दीड वर्ष गेलं ते गेलंच.

आणि मग लिव्हरसिज. हा हवाई दलातला अधिकारी, एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. भरतीच्या वेळी आपल्या जन्माबद्दल खोटी माहिती दिली होती. त्याने सुटकेचा अर्ज केलाच नाही. सरळ गृहमंत्री जॉन अँडरसनवर बेकायदा डांबल्याचा दावा लावला आणि म्हणाला, तुमचं ‘वाजवी कारण’ दाखवा. ३ नोव्हेंबर १९४१ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध एक असा निकाल दिला : मंत्री म्हणतो कारण आहे, म्हणजे आहे. पार्लमेंटने भांडून बदलून घेतलेला शब्द न्यायाधीशांनी एका फटक्यात पुन्हा ‘समाधान’ करून टाकला.

विरोधात एकटे लॉर्ड ॲटकिन. त्यांचा दाखला मी ज्युनियर पोरांना नेहमी सांगतो. ‘अमक्याचा घोटा मोडला असेल तर’ आणि ‘घोटा मोडलाय असं अमक्याला वाटत असेल तर’, ही दोन वाक्यं एक कशी? शस्त्रांच्या खणखणाटातही या देशात कायदा मुका होत नाही, असं ते म्हणाले. सहकारी न्यायाधीश सरकारपेक्षाही सरकारी झाले आहेत, हेही सुनावलं. ते इतकं झोंबलं की बाकीच्यांपैकी लॉर्ड मॉम यांनी चक्क ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी मान्य केलं की बहुमत चुकलं होतं. लिव्हरसिज मात्र खटला हरूनही दोन महिन्यांच्या आत सुटला. सरकारला त्याची गरजच उरली नव्हती.

इकडे मुंबईत काय झालं, हे भाच्याच्या पाठ्यपुस्तकात असेल तर उत्तम, नसेल तर त्याने शोधावं. केशव तळपदे नावाचे स्थानबद्ध मुंबई उच्च न्यायालयातून वर फेडरल कोर्टात गेले. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्यात शब्द होते ‘वाजवी संशय’, आणि त्याखाली केलेल्या नियम २६ मध्ये होतं ‘समाधान’. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी २२ एप्रिल १९४३ ला सांगितलं, कायद्याने जेवढं दिलं त्याहून नियम जास्त घेतो, म्हणून नियमच रद्द. इंग्रजांच्या राज्यात, ‘चले जाव’च्या धरपकडीत, हे एका इंग्रज न्यायाधीशाने केलं. सहा दिवसांनी, २८ एप्रिलला, सरकारने वटहुकूम काढून कायद्याचे शब्दच बदलले, तेही मागच्या तारखेपासून.

१९६२ ला हे सगळं ठाऊक असलेली माणसं दिल्लीत होती. त्यांनी नियमात कोणता शब्द घातला, ते वर आलंच आहे. शिवाय ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने डीआयआरखालच्या स्थानबद्धांना घटनेच्या कलम २१ आणि २२ चा (जीवित व स्वातंत्र्य, आणि अटकेतलं संरक्षण) आधार घेऊन कोर्टात जाण्याची वाटच बंद झाली. २१ नोव्हेंबरला कम्युनिस्टांची देशभर धरपकड झाली. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तो दिवसही हाच. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरलाच चीनच्या आक्रमणाचा निषेध केला होता, पण डाव्या गटाच्या मनात वेगळं आहे असा सरकारचा संशय होता. तुमचे काका त्याच लाटेत गेले असावेत. युद्ध महिनाभर चाललं, आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयात माखनसिंग या स्थानबद्धाचं प्रकरण सप्टेंबर १९६३ मध्ये निकाली निघालं. बहुमताचा निकाल आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांचा. दार बंद आहे हे त्यांनी मान्य केलं, पण फटी ठेवल्या : हुकूम दुष्ट हेतूने काढला असेल किंवा कायद्याच्याच अटी मोडून काढला असेल, तर स्थानबद्ध कोर्टात येऊ शकतो. सुब्बाराव यांना एवढंही पुरेसं वाटलं नाही, त्यांनी वेगळा निकाल लिहिला.

आता माझं आवडतं प्रकरण, आणि ते काकांच्या शहरातलंच आहे. प्रभाकर संझगिरी डीआयआरखाली आर्थर रोडच्या तुरुंगात होते. तिथे बसून त्यांनी, सरकारच्या परवानगीने, अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू द्या, म्हणून सप्टेंबर १९६४ मध्ये अर्ज केला. मार्च १९६५ मध्ये उत्तर आलं, नाही. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला तेवढेच हक्क जेवढे स्थानबद्धतेच्या अटींत लिहिलेत, आणि पुस्तक छापणं त्यात लिहिलेलं नाही. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका चाळली. शुद्ध विज्ञान, देशाच्या संरक्षणाला धोका शून्य. सरकार तरीही वर गेलं. ६ सप्टेंबर १९६५ ला, आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडत होतं त्या दिवशी, सुब्बाराव यांनी निकाल दिला : अटी हक्क देत नाहीत, फक्त काही हक्क काढून घेतात, जे काढलेलं नाही ते माणसापाशीच आहे. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या. मात्र ज्याने ते लिहिलं त्याला बाहेर जाऊ द्या, असं त्या कायद्याखाली म्हणता येत नव्हतं.

मी सनद घेतली १९७४ साली. वर्षभरात पंचाहत्तरची आणीबाणी आली आणि माझे दिवस मिसाबंदींचे (‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धांचे) अर्ज टाइप करण्यात जाऊ लागले, एका वेळी पाच कार्बन लावून. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एकने तो पुसला, आणि बहुमताने ज्या निकालांचा आधार घेतला त्यांत लिव्हरसिजही होता. (पुन्हा २८ एप्रिल. मी तारखांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण ही लक्षात राहिली.) एकटे खन्ना विरोधात. आमच्या सीनियरांनी अर्जांचा गठ्ठा फितीने बांधून वरच्या फळीवर टाकला. ‘फेकू नको,’ म्हणाले, ‘लागेल.’ त्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चूक ठरवणारं निकालपत्र त्यांच्याच मुलाने लिहिलं, तोवर सीनियर हयात नव्हते.

कागदाचं सांगतो. स्थानबद्धतेचा हुकूम गृह विभागाचा. जुन्या फायली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत का, ते आधी पाहा. नसतील तर गृह विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा. कलम ८(३) आवर्जून लिहा : वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं गळून पडतात. देशाच्या सुरक्षेसारखी दोन-तीन कारणं तेवढी उरतात, आणि ती पुढे करतील तर अपील करा. काकांचं संपूर्ण नाव, तेव्हाचा पत्ता आणि नेल्याचा महिना द्या. आजींनी तुरुंगातून आलेली पत्रं जपली असतील तर त्यांवर सेन्सॉरचा शिक्का आणि कैद्याचा नंबर सापडेल. त्या नंबरावरून तुरुंगाचं रजिस्टर शोधणं सोपं जातं.

प्रश्न : हे कायदे राजकीय माणसांपुरतेच होते का? माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक चिनी दंतवैद्य त्याच सुमारास सहकुटुंब नाहीसे झाले. — एक वाचक, माझगाव

उत्तर : नाही. त्या एका कुटुंबाचं मी सांगू शकणार नाही, पण वाट ठरलेली होती. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, मुख्यतः आसाम आणि दार्जिलिंगच्या बाजूने, आगगाड्यांत भरून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. म्हातारे, लहान मुलं, सगळे. जन्माने शत्रुराष्ट्राचा नागरिक असलेल्या आणि मूळ भारतीय नसलेल्या माणसाला भारतीय नागरिक झाल्यावरही परकीयांचे नियम लावता येतील, असा कायदाच १९६२ मध्ये केला गेला. कुणी काय बोललं वा केलं हे पाहायची गरजच नव्हती, आडनाव पुरे. बरेच जण चीनला रवाना झाले, काही १९६७ पर्यंत छावणीतच होते. परतलेल्यांपैकी अनेकांची घरंदारं मागे लिलावात गेली होती.

छावणी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना इंग्रजांनी खटल्याशिवाय ठेवलं होतं, तीच ही देवळी.