विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातोय. झाडावर बसायचं कोणतं स्टँड घेऊ?

तुमच्या प्रश्नातून तीन गोष्टी कळल्या. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात, टीममधला सहकारी नोव्हेंबरच्या बंदुकीच्या सीझनला चल म्हणतोय, आणि दोनशे डॉलरात क्लायंबर, म्हणजे खोडावर सरकत चढणारं स्टँड, घ्यावा की शिडीचं लॅडर स्टँड यावर तुमचं अडलंय. चौथी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, आणि सगळं तिच्यावर आहे: बसणार ती जमीन कुणाची?

आधी माझी ओळख. मूळचा भंडाऱ्याचा, गेली अकरा वर्षं मिलवॉकीच्या पश्चिमेला, त्यातली आठ वर्षं शरद ऋतू झाडावर. आमच्याकडे धानाच्या बांध्यांवर रानडुकरं हाकलायला मचाण असायचं. चार बल्ल्या, वर तट्ट्या, त्यावर तणसाची गादी. म्हणून मी इथे झाडाला मचाण बांधून बसतो असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने पहिलं काय विचारलं, तर "तिकडेही डुकरं येतात का रे?" भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या 1991च्या दुरुस्तीने शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला ते बरंच झालं. पण त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याला हे जसं बापाने शिकवलं तसं आपल्याला शिकवणारं घरात कुणी नाही. त्याला जे सांगावंसं वाटतच नाही, नेमकं तेच आपल्याला माहीत नसतं.

आता जमीन. सहकाऱ्याच्या घरच्यांचं शेत असेल, तर डोळे मिटून लॅडर स्टँड. शिडी आणि वर बैठक, झाडाला पट्ट्यांनी आवळलेली, पंधरा ते अठरा फूट उंच. चढायला सगळ्यात सोपं, बसायला सगळ्यात ऐसपैस. ते जड असतं, उभं करायला तीन माणसं लागतात, आणि ऑगस्टमध्ये लावलं की सीझन संपेपर्यंत तिथेच राहतं. एकट्याने उभं करायला जाऊ नका. शिडी झाडाला टेकवून वर पट्टा बांधायला चढतो, त्या दोन मिनिटांत तिला धरून ठेवणारं खालच्या माणसांशिवाय काहीच नसतं.

सरकारी जंगल असेल, समजा केटल मोरेन, तर लॅडर विसरा. राज्याच्या दक्षिण भागातल्या सरकारी जमिनीवर स्टँड रोज संध्याकाळी उतरवून घरी न्यावं लागतं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, स्क्रूच्या पायऱ्या लावायच्या नाहीत, समोरच्या फांद्या छाटायच्या नाहीत. इथे पाठीवर मावणारंच चालतं: क्लायंबर, नाहीतर हँग-ऑन आणि स्टिक्स, म्हणजे पट्ट्याने आवळायची फळी आणि वर जायला शिडीचे सुटे तुकडे. हल्लीची तरुण मंडळी सॅडल वापरतात, म्हणजे झाडाला दोरीने लटकलेला कमरेचा झोपाळा. वजनाला काहीच नाही, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. दोऱ्यांवरचा विश्वास यायला वेळ लागतो.

क्लायंबरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दोनशे डॉलर हातात असले की सगळे तोच घेतात. मीही घेतला होता. त्याचे दोन भाग असतात, वर बैठक आणि खाली पाय ठेवायची जाळी. दोन्ही भाग खोडाभोवती केबलने अडकवायचे. बैठकीवर भार टाकून पायांनी जाळी वर ओढायची, मग जाळीवर उभं राहून बैठक वर सरकवायची. सुरवंट चढतो तसं. दुकानात खांबावर करून दाखवतात तेव्हा फार सोपं वाटतं. जंगलात गेल्यावर कळतं की आपल्याला झाड नाही, खांब हवाय. सरळ, वीस फुटांपर्यंत एकही फांदी नसलेला, साधारण आठ ते वीस इंच व्यासाचा. मोजपट्टी नको, कवेत घ्या. पलीकडे बोटं जेमतेम जुळली तर ती वरची मर्यादा समजा.

विस्कॉन्सिनच्या दक्षिणेत असं झाड शोधायला तंगडतोड करावी लागते. हरणं ओकखाली येतात, ती त्याची फळं खायला, आणि ओकला खालपासून फांद्या. अॅस्पेन सरळसोट वाढतो, पण साल गुळगुळीत, त्यावर दव गोठलं की क्लायंबरचे दात घसरतात. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे लांबलचक पापुद्रे सुटलेले असतात, दात सालीत रुततात आणि सालच हातात येते. तिच्यावर चढूच नका. लावलेल्या रेड पाइनच्या रांगा क्लायंबरसाठी आदर्श, पण तिथे आडोसा नाही. उघड्या खोडावर नारिंगी कपड्यातला माणूस म्हणजे खांबावरचा दिवाच.

आणि आता माझी फजिती, कारण ती वाचून तुम्ही एक चूक तरी टाळाल. तिसरं वर्ष, ऑक्टोबर, धनुष्याचा सीझन. अॅस्पेनवर पंधरा फूट चढलो, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसायला वळलो. वळताना क्षणभर सगळा भार बैठकीवर आला आणि पाय जाळीच्या पट्ट्यांतून सुटले. भार गेला की खालचा भाग सैल होतो. तो तिरका झाला, एक करकर ऐकू आली, आणि खोडावरून घसरत थेट मुळापाशी जाऊन आदळला. मी वर, बैठकीवर, पाय हवेत. दोन्ही भाग एकमेकांना बांधायची दोरी कंपनीने दिली होती. ती घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण मला ती सामान बांधायची वाटली होती. हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून झाडाला बांधून घ्यायचे पट्टे, अंगावर होता, फोन छातीच्या खिशात होता. मित्र अर्ध्या मैलावर स्वतःच्या झाडावर होता. तो उतरून, त्याच्या स्टिक्स सोडवून माझ्या झाडाला लावेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. तेवढ्यात खालून एक मादी आणि दोन पाडसं आरामात चरत गेली. धनुष्य जाळीशेजारी पडलेलं.

तर क्लायंबर घेतलाच तर ती दोरी आधी बांधा, मग चढा.

सरकारी जमिनीसाठी मी तुम्हाला हँग-ऑनच सुचवेन. एक लहान फळी, तिला घडीची बैठक, झाडाला पट्ट्याने आवळायची. वर जायला स्टिक्स, म्हणजे शिडीचे सुटे तुकडे, एकावर एक बांधत जायचे. थोड्या वाकड्या, फांद्या असलेल्या झाडावरही चालतं, म्हणजे ओकवरसुद्धा, आणि त्याच फांद्या तुमचा आडोसा होतात. बांधायला क्लायंबरपेक्षा वेळ जातो, आणि स्टिक्स धरून दोनशेच्या वर खर्च जाईल. जुनं स्टँड स्वस्तात मिळालं तर सांगाडा पाहा, जोड पाहा, पण पट्टे सगळे नवे घ्या. ऊन पट्ट्याला आतून कुजवतं, आणि खारी तो कुरतडतात. वजनाची मर्यादा बहुतेकांवर 300 पौंड लिहिलेली असते. त्यात तुम्ही एकटे नाही. जॅकेट, बूट, पिशवी, रायफल, थर्मास सगळं धरून मोजायचं.

पण स्टँडवर पैसे घालण्याआधी हार्नेस. स्टँडबरोबर फुकट येतो तो चालतो, पण त्याचे पट्टे इतके गुंततात की अंधारात घालायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आलेला हार्नेस पिशवीत राहतो. म्हणून चांगला वेगळा घ्या. जाड जॅकेटवर घालून बघा, टी-शर्टवर नाही. छाती, खांदे आणि मांड्या तिन्हीला पट्टे हवेत; नुसता कमरेचा पट्टा धोक्याचा. झाडाला बांधायचा दोर बसल्यावर डोक्याच्या वर यावा, त्यात ढील जवळपास नसावी. ढील जेवढी, तेवढे फूट तुम्ही पडणार.

लोकांना वाटतं, माणूस वर बसून डुलकी लागली की पडतो. लागतेही. पण जास्त धोका शिडीवरून फळीवर पाय टाकतानाच्या त्या एका पावलात असतो, आणि उतरताना तर जास्तच, कारण अंधार पडलेला, पाय गारठलेले, मन गाडीकडे धावलेलं. त्यासाठी लाइफलाइन असते. फळीच्या वर बांधून जमिनीपर्यंत सोडलेला एक दोर, त्यावर सरकणारी प्रुसिक गाठ. हळू ढकलली की सरकते, झटका बसला की आवळते. जमिनीवरच हार्नेस तिला अडकवायचा, वर जायचं, बसायचं, उतरायचं, आणि पाय जमिनीला टेकल्यावरच सोडायचा. फळी शिडीच्या शेवटच्या पायरीपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे तिच्यावर चढावं लागत नाही, उतरून उभं राहता येतं.

पडून हार्नेसमध्ये लटकलात तर ते सुटणं नाही, अर्धं सुटणं आहे. मांड्यांचे पट्टे रक्त पायात अडकवतात आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. हार्नेसला पाय घालायची फासासारखी पट्टी असते, तिच्यात उभं राहून पाय हलवत राहायचं. हे घरी करून बघा. मागच्या अंगणातल्या झाडाला फळी दोन फुटांवर बांधा आणि बायकोला हसू द्या. माझी हसली, आणि मग तिनेच मला शिट्टी घेऊन दिली, हार्नेसला लावायला.

रायफल पाठीला लावून चढायचं नाही. ती खाली, रिकामी, बोल्ट उघडा. वर जाऊन, हार्नेस बांधून, मग दोरीने ओढून घ्यायची, नळी जमिनीकडे. गोळ्या त्यानंतर. उतरताना हेच उलटं.

बंदुकीवरून तुमच्या व्हिसाचं आठवलं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणून परवाना हाती येण्याआधी सहकाऱ्याची रायफल "बघू जरा" म्हणूनही हातात घेऊ नका, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. सहकारी हे तुम्हाला सांगणार नाही, त्याला हा प्रश्न आयुष्यात कधी पडलेलाच नसतो. धनुष्य या कायद्यात येत नाही, आणि त्याचा सीझन इथे सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो.

शिवाय 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो न करता जायचं असेल तर मेंटर्ड हंटिंग आहे, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखालची शिकार, पण त्यात तो मेंटर हाताच्या अंतरावर हवा. आणि हाताच्या अंतरावर दोघांनी बसायला सगळ्यात सोपं स्टँड म्हणजे दोघांचं लॅडर. सहकाऱ्याकडे शेत असेल तर बहुधा असं एखादं असेलच. तसं असेल तर या वर्षी स्टँड घेऊच नका. त्या दोनशेत हार्नेस, लाइफलाइन आणि चांगले बूट घ्या, त्याच्या शेजारी बसा.

उंचीचा हव्यासही नको. पंधरा फूट पुरे, मागे जाड खोड किंवा फांद्या असल्या की झालं. जितके वर जाल तितका नेमाचा कोन तिरका होतो आणि हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून गोळी जाणं अवघड होतं. हरीण वर बघत नाही म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. म्हाताऱ्या माद्या बघतात, आणि मग जमिनीवर पुढचा पाय आपटतात. तो ठप आवाज ऐकला की तुमची सकाळ संपली.

खरं झाड निवडतो तो वारा. हरणं येतील त्या बाजूकडे तुमच्याकडून वारा जाता कामा नये. मी मिल्कवीडची एक शेंग खिशात ठेवतो. आपल्या रुईच्याच कुळातली, तसाच रेशमी कापूस. लहानपणी जिला आपण म्हातारी म्हणून फुंकर मारायचो, तीच. एकेक सोडायची आणि बघत राहायचं. सकाळी उन्हाने हवा तापली की म्हातारी उताराने वर चढते. संध्याकाळी गार हवेबरोबर ओढ्याकडे उतरते. एकच झाड सकाळी चांगलं आणि संध्याकाळी वाईट असू शकतं ते यामुळे. दुकानातलं कुठलंही यंत्र मला हे दाखवू शकलेलं नाही.

कमरेच्या वरचे बाहेरचे कपडे निदान अर्धे तरी भडक नारिंगी हवेत. गुलाबीही चालतो, राज्याने 2016 मध्ये मान्य केलाय. थंडीचे सगळे कपडे घालून चालत जाऊ नका, घाम येतो आणि वर बसल्यावर तोच गोठतो. जाड जॅकेट पिशवीला बांधा, झाडाखाली पोचल्यावर घाला, त्यावर हार्नेस.

सहकाऱ्याला आजच विचारा: जमीन कुणाची, झाडं कोणती, आणि त्याचा स्वतःचा हार्नेस किती वर्षांचा आहे. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला आणि "मी नाही घालत, तीस वर्षं बसतोय" म्हणाला, तर त्याच्याबरोबर जेवायला जा, पण चढणं-उतरणं दुसऱ्या कुणाकडून शिका.