कोकणातल्या खेड्यात गावकऱ्यांनीच चालवलेलं अग्निशमन दल कधी होतं का? आज सुरू करायचं तर काय लागेल?

होतं. आमच्या वाडीत होतं. फक्त त्याला कुणी दल म्हणत नसे, 'नानांची पोरं' म्हणत. रजिस्टर नाही, शिक्का नाही, पावतीपुस्तक तर नाहीच.

नाना म्हणजे माझे चुलत आजोबा. मुंबईच्या बंबखान्यातून निवृत्त होऊन गावी आले. 14 एप्रिल 1944 ला गोदीत फोर्ट स्टिकीन बोट फुटली तेव्हा ते नोकरीत नव्हते, पण त्या दिवशी गेलेल्या 66 जवानांबद्दल भरती झाल्यावर जुन्या माणसांकडून त्यांनी खूप ऐकलं होतं. म्हणून दर 14 एप्रिलला आम्हा पोरांना देवळासमोर दोन मिनिटं गुमान उभं करायचे आणि मग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, न्यायचे. अर्धी वाडी हसायची.

वणव्याची खरी विद्या मात्र त्यांची नव्हती. मुंबईतली आग इमारतीतली. सडा त्यांना शिकवला वरच्या धनगरांनी. वणव्याला समोरून भिडायचं नाही, जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरायचं. ओला टहाळा झोडायचा नाही, दाबून धरायचा, नाहीतर ठिणग्या उडून चार पावलांवर नवी आग. दुपारी खारा वारा समुद्राकडून वर चढतो तेव्हा नुसत्या कडा सांभाळायच्या, दिवेलागणीला वारा पडला की तोंड आवळायचं. नानांनी त्यात शिस्त घातली. शिट्टी, जोडीजोडीने जाणं, खाली आल्यावर डोकी मोजणं. नायलॉनचा शर्ट घालून आलेल्याला घरी हाकलायचे. आणि इशारा द्यायचा तो शाळेच्या घंटेचा, म्हणजे टांगलेल्या रुळाच्या तुकड्याचा. ढोलाला हात लावायचा नाही.

पूर्वी सड्यावर जळायचं ते गवत, पावसात परत उगवायचं. केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेली, घरं होती तोवर धास्ती घरांची, कौलं आली तशी ती कमी झाली. मग 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कातळाच्या कडेपर्यंत काजू-आंबे चढले. आता वणवा लागला की माणसाची पंधरा वर्षं जळतात. त्यात तरणी माणसं मुंबईत, गुरं मोजकी, गवत कापणार कोण आणि खाणार कोण?

आमचा वणवा शिमग्यात लागला. पालखी आमच्या खळ्यात नाचत होती. वरच्या घरातल्या पोराने धूर पाहिला आणि हाताशी होता तो ढोल बडवायला घेतला. शिमग्यात ढोल ऐकून कोण दचकणार? दहा मिनिटं सगळ्यांना वाटलं, पोरगं रंगात आलंय. शाळा पटसंख्येपायी बंद पडलेली, रूळ भंगारात गेलेला.

मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाने 101 लावला आणि पाखाडीच्या, म्हणजे वर जाणाऱ्या दगडी पायवाटेच्या, तोंडाशी उभा राहून सगळ्यांना अडवलं. "बंब निघालाय, कुणी वर जायचं नाही." वाडीत त्या दिवशी साठेक धडधाकट माणसं होती, एरवी सहा नसतात. ती साठही रस्त्यावर उभी. मी चौघांना घेऊन वर गेलो. पाच माणसांनी काय होणार? बंब दीड तासाने आला. जवान चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण रस्ता खालीच संपतो, पुढे जांभ्याची पाखाडी. पायऱ्यांवरून बंब चढणार कसा? पाइप अर्ध्यावर संपला. आमचे अडतीस काजू आणि अकरा कलमं गेली.

काळाठिक्कर होऊन खाली आलो तर नाना पडवीतल्या खुर्चीतून एवढंच म्हणाले, "माणसं मोजलीस?" मोजली नव्हती.

त्यानंतर चुलतभावाने मुंबईत वर्गणी काढून इंजिनाचा पंप आणला. नारळ फुटला, फोटो निघाले, पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट वाटले. पण मार्चमध्ये आमच्या विहिरीत दोन फूट पाणी असतं, पंप ओढणार काय? मी म्हणत होतो, ते पैसे दरवर्षी थोडे थोडे मजुरीला घाला, दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की बागांभोवती दहा-बारा फुटांची जाळरेषा काढा. ती जाळून काढायची तर पहाटे, दव असताना, माणसं उभी ठेवून. पण गवत कापण्याचं उद्घाटन करता येत नाही ना! पंप आता देवळामागच्या खोलीत आहे, त्याच्यावर मांडवाची कनात ठेवतात.

तुम्हाला काय लागेल? पहिलं म्हणजे सरकारी दलाची वाट बघू नका. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचं काम म्हणून लिहिलंय, ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत ते नाही. बंब शहरातून येतो तो यामुळे. दुसरं, यंत्र तुमच्या गावात आधीच आहे. आंब्याच्या फवारणीचा पंप, लांब नळी आणि पिकअपवर पाण्याची टाकी. रस्त्यालगतच्या बागेला तेवढं पुरतं. फक्त टाकीतलं औषध आधी स्वच्छ धुवा. पायात बूट, हातात कोयती, गळ्यात शिट्टी. आणि बारा महिने गावात राहणारी आठ माणसं, मग ती पन्नाशीची का असेनात. मुंबईकरांची नावं यादीत घालूच नका.

हे सगळं वणव्यापुरतं. सिलिंडरची किंवा विजेची आग असेल तर टहाळा घेऊन धावू नका. आणि फोन आधी करायचाच असतो, तेवढ्यापुरता चुलतभाऊ बरोबर होता. साठ नवखी माणसं वर गेली असती तर एखादा होरपळला असता, हेही त्याचं म्हणणं मी अलीकडे अर्धं मान्य करतो.

तो आणखी एक म्हणतो, की वणवा आमच्याच राबातून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर जाळतात त्या पालापाचोळ्यातून, सुटला. आदल्या संध्याकाळी आम्ही राब भाजला होता हे खरं. पण वर चार कळश्या पाणी ओतलं होतं आणि सड्यावरच्या विजेच्या तारा वाऱ्यात घासतात हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. यंदा शिमग्याला येतोय तो, पालखी खळ्यात आली की पुन्हा काढेलच.