नाल काढली तर घोडी बसेल का?

प्रश्न : डॉक्टर, माझी मारवाडी घोडी 9 वर्षांची आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून आणली, चार लग्नसराया वरातीत नाचली. गेल्या दिवाळीपासून पुढच्या दोन्ही पायांनी लंगडते, वळताना जास्त. सकाळी तबेल्यातून निघताना पाय मोजून टाकते. एक्स-रे काढून नेव्हिक्युलरचा दोष सांगितला. मागून आडपट्टी असलेली नाल मारली, दुखणं थांबवायच्या पुड्या चालू आहेत. पुडी बंद केली की पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये एक्समूरच्या रॉकली फार्मवर असे घोडे नाल काढून, अनवाणी ठेवून चालते केले, असं मुलीनं वाचून दाखवलं. आमचे नालबंद म्हणतात, नाल काढली तर घोडी बसेल. काय करू? – एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : ‘पाय मोजून टाकते’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. एक्स-रेच्या कागदापेक्षा मला त्यातून जास्त कळलं. अशी घोडी टाचेला जपत असते. टाच टेकली की दुखतं, म्हणून ती खुराचं टोक आधी टेकवते.

घोड्याचा खूर उचलून तळ बघा. मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग दिसेल. इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात, मी इथं पाचर म्हणते. पाचरीच्या वर, टाचेच्या पोटात एक गादी असते. निरोगी घोडा पाय टाकताना टाच आधी टेकवतो. पाचर जमिनीला लागते, गादी दबते आणि धक्का तिथंच जिरतो. तिच्या वर नावेच्या आकाराचं लहानसं हाड, तेच नेव्हिक्युलर. त्याच्यामागून पायाची मोठी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा) खाली जाते. टोक आधी टेकवण्याची सवय लागली की त्या शिरेवर आणि हाडावर ताण येतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉबर्ट बोकर यांनी 1990 च्या दशकात खुरांचे छेद घेऊन ही गादी तपासली. चांगल्या खुरांत ती चिवट, कूर्चेसारखी होती. कमकुवत खुरांत मऊ. जो भाग वापरला जातो तो घट्ट होतो, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

आता नालेचं. लोखंडी नालेवर उभ्या घोड्याची पाचर बहुतेकदा जमिनीला लागतच नाही. वर्षानुवर्षं असं राहिलं की टाचा आकसतात, गादी दुबळी होते. त्यात तुमची घोडी डांबरावर नाचलेली. आडपट्टीनं टाचेला आधार मिळतो, काही घोड्यांना आरामही पडतो, पण दुबळी गादी त्यानं बळकट होत नाही. म्हणून तुमच्या मुलीनं वाचलेलं मला पटतं. मात्र अशा ठिकाणचे निकाल हे निवडक घोड्यांचे अनुभव आहेत, आणि तिथं रोज पायांकडं बघणारं माणूस असतं.

माझी चूक आधी सांगते. वाईकडच्या एका तट्टाच्या नाला मी ऐन आषाढात काढायला लावल्या. खुराच्या आतला दाह जुना होता आणि तळ किती जाड आहे हे मी एक्स-रेवर मोजलं नव्हतं. चिखलात तळ भिजून मऊ झाला, दोन्ही खुरांत पू धरला. तीन आठवडे ते तट्टू आडवं होतं. शेवटी त्याला शांत झोपवावं लागलं. तुमचे नालबंद ज्याला भितात ते खोटं नाही. त्यांना दुखवू नका, हे काम त्यांच्याच हातून व्हायचं आहे.

तुमच्या एक्स-रेवर डॉक्टरांकडून तळाची जाडी मोजून घ्या. 15 मिलिमीटरच्या आसपास असेल तर मी पुढं जाईन; 10 च्या खाली असेल तर आत्ता नाही. टाच सुन्न करून घोडी सरळ चालते का, हेही त्यांना पाहू द्या. एक्स-रेत हाड दिसतं. शीर फाटली असेल तर ती एमआरआयशिवाय नीट दिसत नाही.

नालेला हात लावण्याआधी गव्हाण बदला. तुमच्या भागात गळीत हंगामात घोड्यापुढं उसाचं वाडं पडतं, वर प्रेमानं गूळ आणि भरडा. साखर आणि पिष्ट जास्त झालं की खुराच्या आतली पकड सुजते आणि असा घोडा अनवाणी खड्यावर चालूच शकत नाही. गूळ, वाडं बंद करा. भरडा आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवा, वाळलेलं गवत पोटभर द्या, मिठाचा खडा ठेवा. महिनाभर फक्त एवढंच.

मग नाला काढा. नालबंदांना सांगा, कड गोल करायची, तळ आणि पाचर कापायची नाही. फलटणजवळच्या एका बागायतदाराकडं रेसचा निवृत्त कुमैत घोडा होता, तुमच्या घोडीसारखाच दोन्ही पायांनी अधू. पहिले पंधरा दिवस तो फक्त वाळूत फिरला. नंतर मालकानं विहिरीपासून गोठ्यापर्यंतच्या वाटेवर वाटाण्याएवढी गोल खडी चार बोटं जाड पसरली. पाण्याला जाताना घोड्याला तीच वाट. (झेनोफननं इसवी सनापूर्वी 4 थ्या शतकात पागेबाहेर गोल दगड पसरायला सांगितलं होतं, तेही खूर घट्ट व्हावेत म्हणूनच.) डांबरावर सरळ रेषेत रोज दहा मिनिटं चालणं दुसऱ्या महिन्यात सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात तो मागं गेला, मालक नाल मारायला निघाले होते. आम्ही खुराला रबरी बूट बांधून तो महिना काढला. पाचव्या महिन्यात त्याची टाच आधी टेकली. मालकांनी मला रात्री साडेनऊला फोन केला होता.

खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. केसांच्या कडेपासून टोकापर्यंत नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेवढा काळ वरातीची सुपारी घेऊ नका. पोटाचा प्रश्न आहे हे समजून सांगते आहे. पुड्या डॉक्टरांना विचारून कमी करा, कारण पुडी खाल्लेली घोडी सरळ चालली तरी त्यावरून काही कळत नाही. चार दिवस सलग जास्त लंगडली, पाय गरम लागला किंवा सारखी आडवी होऊ लागली, तर थांबा आणि डॉक्टरांना बोलवा.

पावसाळ्याला अजून चार महिने आहेत, तेवढे कोरडे दिवस हाताशी धरा. पाचरीच्या चिरेतून काळी घाण आणि कुबट वास येत असेल तर आधी ते बरं करा: रोज ब्रशनं साफ, कोरडं करून घ्या आणि मुतानं भिजलेलं अंथरूण दिवसातून दोनदा काढा. मोरचूद ओतू नका, जिवंत भाग जळतो.

मोबाइल जमिनीलगत धरून, फरशीवर चालणाऱ्या घोडीचा बाजूनं स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. पहिला आजच, नाला असतानाच. मग दर महिन्याला त्याच जागी. मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेत तर मी प्रत्येक बघेन.