इंदूरला पलासियाजवळ पुढचं डावं चाक दुभाजकाच्या कडेवर आदळलं, स्टिअरिंग वाकडं राहतंय. काय तपासावं?

डाव्या टाय रॉडवर (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणारी दांडी) किंवा लोअर आर्मवर (चाकाला खालून धरून ठेवणारा पार्ट) पहिला संशय घ्या आणि तपासणी होईपर्यंत गाडी बायपासवर काढू नका.

टायरची बाजू आतूनही चाचपा. सुपारीएवढा फुगवटा असला तरी आतले धागे तुटलेत, टायर बदलायचाच. रिमची आतली कड बघा, ती बाहेरून दिसत नाही.

मग सपाट जागी चाकं सरळ करून टायर आणि मडगार्डमधली फट दोन्हीकडे बोटांनी मोजा. डावं चाक मागे सरकलेलं असेल तर बहुधा लोअर आर्म वाकलाय. चाक जॅकवर उचलून (गाडीखाली शिरू नका) घड्याळाच्या 3 आणि 9 वर धरून हलवा: खटखट झाली तर टाय रॉड एंड (त्या दांडीच्या टोकाचा सांधा) सैल. 12 आणि 6 वर हललं तर बॉल जॉइंट (चाक आर्मला जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. शॉकअबवर ताजं तेल दिसलं तर सील गेलं.

वाकलेला पार्ट तसाच ठेवून अलाइनमेंट अजिबात करू देऊ नका. टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) जुळवला की स्टिअरिंग सरळ दिसतं, पण आर्म वाकडाच राहतो. जुळवण्याआधीच्या मापांचा प्रिंट मागा. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) 1 अंशाहून जास्त फरक असेल तर बहुधा पार्ट वाकलाय, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर जुळवताच येत नाही.