कुचल्याचं प्रमाण विचारू नका, बिळं मोजा

रामराम मंडळी. या पंधरवड्यात चार प्रश्न आले आणि चारही फिरून एकाच विषारी बियाशी, कुचल्याशी, येऊन थांबले.

माजलगावकडचे एक ऊसवाले काका स्वतः कार्यालयात आले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी टेबलावर चार बिया ठेवल्या. "सायेब, उसात उंदीर लई झालेत. आमचा आजा कुचल्याचं पीठ भाकरीत घालून बिळात सारायचा. प्रमाण तेवढं सांगा." औशाकडच्या एका ताईंनी फोन केला: सासूबाई गुडघ्यांसाठी आठवडी बाजारातल्या माणसाकडून पुडी घेतात, त्यात कुचला आहे म्हणे, आणि दोन दिवस झाले जबडा आखडतोय. भूम तालुक्यातल्या एका पशुपालकाचं कुत्रं आणि गोऱ्हा एकाच सकाळी तडफडून गेले. ज्वारीची किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागली की कुणी विष घातलं, असा त्यांचा प्रश्न. आणि एका आजोबांनी विचारलंय की निवळी ही कुचल्याची भाऊबंद, मग ती रांजणात घासावी का?

ताईंना त्याच दिवशी सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहितो. पुडी बंद. सासूबाईंना लगेच दवाखान्यात न्या आणि उरलेली पुडी कागदासकट सोबत घ्या. कुचला आयुर्वेदात औषध आहे, विषमुष्टी किंवा विषतिंदुक या नावानं, हे खरं. पण तिथं तो आधी शुद्ध करतात: गोमूत्रात भिजवणं, दुधात शिजवणं, तुपात परतणं. या शोधनानं विष कमी होतं, नाहीसं होत नाही. म्हणून तर औषध कायद्याच्या ई(१) अनुसूचीत या बीचं नाव आहे आणि ते घातलेल्या औषधाच्या डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. बाजारातल्या पुडीवर काय छापलेलं असतं? बहुतेक वेळा जुन्या वर्तमानपत्रातली बातमी. शोधन केलं की नाही आणि दोन पुड्यांत बी सारखं पडलं की नाही, हे त्या विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"थोडं घेतलं की अंगात ताकद येते," हेही ताईंनी सांगितलं. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायती डॉक्टरही हे शक्तिवर्धक म्हणून देत. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये थॉमस हिक्स या मॅरेथॉन धावपटूला वाटेत स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्यातलंच विष, पाजलं होतं, अंड्यातलं पांढरं आणि ब्रँडीबरोबर. तो पहिला आला खरा, पण शेवटी त्याला दोघांनी धरून आणावं लागलं. ती ताकद नव्हे, नसांचं सुटलेलं भान आहे.

ते कसं, हे नीट समजून घ्या, म्हणजे बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतील.

कुचला म्हणजे काजऱ्याचं बी. हे झाड कोकणातलं, सह्याद्रीतलं, तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातलं. आपल्या कोरड्या मुलखात ते बी काष्ठौषधीच्या दुकानातूनच येतं. काकांनी आणलेल्या बिया म्हणजे जुन्या कोटाची बटणंच: चपट्या, गोल, राखाडी, मध्ये बेंबीसारखा खळगा. उजेडात तिरक्या धरल्या की वर रेशमी लव चमकते. नखानं दाबून पाहिली तर नखच दुखतं, इतकी कडक. यात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही दोन अल्कलॉइडं असतात. स्ट्रिक्नीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८१८ साली, फ्रान्समध्ये पेल्तिये आणि कावांतू या दोघांनी. २१ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन एवढाच जुमला, पण त्याच्या जोडण्या अशा गुंतलेल्या की रचना उलगडायला १९४६ उजाडलं आणि प्रयोगशाळेत ते बनवायला १९५४. आपल्या कामाचं एवढंच की हा पदार्थ फार चिवट आहे. भाकरीबरोबर भाजला म्हणून मरत नाही, मेलेल्या जनावराच्या पोटातही टिकून राहतो. आणि कडू इतका की पाण्यात नावापुरता असला तरी जिभेला कळतो.

आता अंगात काय होतं? आपण कोपर वाकवतो तेव्हा एक स्नायू ओढतो आणि त्याच वेळी समोरचा सैल पडतो. हे सैल पडणं मज्जारज्जूतल्या ग्लायसीन नावाच्या द्रव्यामुळं होतं. ती नसांची वेसण समजा. स्ट्रिक्नीन जाऊन नेमकं ग्लायसीनच्या जागेवर बसतं, वेसण लागूच देत नाही. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ओढायला लागतात. पाठ धनुष्यासारखी वाकते, जबडा मिटतो, छातीचे स्नायू ताठ होऊन श्वास अडतो, आणि जीव जातो तो गुदमरून. या सगळ्यात माणूस शुद्धीवर असतो. फिटमध्ये शुद्ध हरपते, इथं हरपत नाही. या विषाचं सगळ्यात वाईट मला तेच वाटतं.

धनुर्वातातही शरीर असंच वाकतं, आणि ते उगाच नाही. धनुर्वाताचं विष ग्लायसीन बाहेर पडू देत नाही, कुचल्याचं विष बाहेर पडलेलं लागू देत नाही. फरक ओळखायचा तर असा: धनुर्वात जखमेनंतर काही दिवसांनी सुरू होतो आणि त्यात जबडा धरलेलाच राहतो. कुचल्याचे झटके पोटात गेल्यावर साधारण पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात येतात आणि दोन झटक्यांच्या मध्ये अंग सैल पडतं. ताईंच्या सासूबाईंसारखं रोज थोडं थोडं घेणाऱ्याला मात्र आधी नुसतं दचकणं, मान ताठणं, जबडा आखडणं जाणवतं. त्यात पायाला जुनी जखम असेल तर डॉक्टरांना तीही दाखवा, घरी बसून निदान नको.

एका जुन्या नेमणुकीच्या गावी मी विष खाल्लेलं कुत्रं पाहिलंय. ओसरीखाली निपचित पडलं होतं. कुणीतरी लोखंडी फाटक आपटलं आणि ते लाकडासारखं ताठ झालं, चारही पाय बाहेर. जरा सैल पडलं, तोवर कुणी नाव घेऊन हाक मारली. पुन्हा ताठ. आवाज, उजेड, स्पर्श, प्रत्येक गोष्ट नवा झटका आणते. म्हणून माणसाला असं झालं तर गर्दी हटवा, खोलीत अंधार करा, अंग चोळू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ला फोन करा. या विषाला उतारा नाही, पण दवाखान्यात झटके थांबवणारी इंजेक्शनं आणि कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. पहिला दिवस निभावला की बहुधा धोका टळतो. राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि घरात कुणाच्या मनात वेगळंच काही चाललंय असं वाटलं तर विष आधी घराबाहेर काढा, त्याच्याशी बोला, टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावून द्या.

भूमच्या पशुपालकांना: गोऱ्ह्याला किराळ लागली असू शकते. पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचे फुटवे खाल्ले की हे होतं. जनावर धापा टाकतं, लटपटतं, थोड्या वेळात पडतं. पण कुत्रं ज्वारी खात नाही. ते गेलं असेल तर बांधावर कुणी तरी काही ठेवलंय असं धरून चाला. तोंडाला लाळेची धार आणि डोळ्यांतून पाणी होतं का, आठवून पाहा. तसं असेल तर कीटकनाशकाचा संशय, नुसते झटके असतील तर स्ट्रिक्नीनचा. नक्की काय ते शवविच्छेदनानंतरच कळेल. पशुवैद्यकांना बोलवा, पोलिसांत कळवा, नमुने छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. मेलेलं जनावर ओढ्याला ओढून टाकू नका. त्याला तोंड लावलेलं दुसरं कुत्रं, घार, कावळे सगळे मागोमाग जातील. नमुने घेऊन झाले की खोल पुरा.

रानडुकरासाठी कुणी आमिष ठेवलं असेल तर त्यांनाही ऐकवा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात विष घालणं म्हणजे शिकार, प्रयत्न केला तरी शिकारच. कुत्र्यांबाबत तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्ट्रिक्नीनचं नाव घेऊन मनाई आहे. पूर्वी नगरपालिका मोकाट कुत्री याच विषानं मारत, त्याची ती आठवण. डुकरानं सोयाबीन उकरलं, रोह्यांनी (नीलगायींनी) हरभरा खाल्ला, तर वन विभागाकडं लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळायला हेलपाटे पडतात, मला माहीत आहे. कडेनं करडईच्या चार ओळी मात्र आपल्या हातात आहेत. काट्यात रोही सहसा तोंड घालत नाही.

निवळीवाल्या आजोबा, बिनघोर राहा. निवळी काजऱ्याच्याच कुळातली, पण तिच्यात स्ट्रिक्नीन नाही. रांजणाच्या आतून बी घासलं की गढूळ पाणी खाली बसतं, ते आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होतं. बी लहान, गोलसर मण्यासारखं असतं. चपटं बटण हाती आलं तर ते निवळी नव्हे. आणि पाणी निवळलं तरी जंतू जात नाहीत, उकळूनच प्या.

राहिले माजलगावचे काका. प्रमाण मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. आपल्याकडच्या नोंदणीकृत उंदीरनाशकांत स्ट्रिक्नीन बसत नाही, आणि भाकरीचा तुकडा बिळाबाहेर आला की तो उंदराचा राहत नाही, ऊसतोडीच्या टोळीतल्या लेकराचाही होतो. शिवाय उंदीर फसतात ते आमिषाच्या जोरावर, विषाच्या नाही. कडू चव लागली की तो पहिल्याच घासाला थांबतो.

काकांना म्हटलं, आज संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवा, उद्या सकाळी उघडी किती ते मोजा. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं: बासष्टपैकी एकोणीस. म्हणजे उंदीर एकोणीस बिळांत, बाकीची रिकामी घरं. तिथं आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा द्या, चटक लागू द्या. मग ९६ भाग भरडा, २ भाग गोडं तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड, काठीनं कालवून, हातमोजे घालून, बीळामागं दहा ग्रॅम कागदाच्या पुडीत आत सारा आणि तोंड बुजवा. झिंक फॉस्फाइडलाही उतारा नाही आणि ओलं झालं की त्यातून विषारी वायू सुटतो, म्हणून पावसात आणि घरात नको. घराजवळ ब्रोमाडायोलोनची तयार वडी बरी. ती हळू मारते आणि चुकून कुणी खाल्लीच तर व्हिटॅमिन के-१ चालतं. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात करायला हवं, नाहीतर त्यांचे उंदीर तुमच्या रिकाम्या त्रेचाळीस बिळांत राहायला येतील.

हिशेब केला, एकोणीस बिळांना एकशेनव्वद ग्रॅम आमिष लागतं. काका म्हणाले, "एवढ्यावर भागतं व्हय? मी पायली काढून ठिवली होती." त्यांच्या चार बिया माझ्याकडंच आहेत, बाटलीत, चिठ्ठी लावून, कुलपाच्या कपाटात.