मुलाला खेळ सोडायचाय, बापाला सोडवत नाही

कार्मेल, इंडियानाच्या ताई,

तुमचं पत्र लांबलचक आहे, वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वीस वर्षांचा मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा. फेकायच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, स्कॉलरशिपची दोन वर्षं बाकी आहेत आणि त्याला आता खेळायचं नाही. बाप म्हणतो, पळपुटा. मुलगा म्हणतो, अँड्र्यू लकनं (इंडियानापोलिस कोल्ट्स या व्यावसायिक टीमचा माजी क्वार्टरबॅक) केलं तेच करतोय. बाप म्हणतो, त्याच लकनं सगळ्या शहराला तोंडघशी पाडलं. त्यावर मुलगा शांतपणे म्हणाला, "माहितीये बाबा. त्या रात्री स्टेडियममध्ये तुम्ही हुर्यो उडवत होतात, मी शेजारीच होतो." तेव्हापासून दोघं एकत्र जेवायला बसत नाहीत. आणि तुम्ही विचारताय, बाजू कोणाची घेऊ?

इतक्यात कोणाचीच नको. दोघंही लकची सोयीची अर्धीच गोष्ट सांगतायत.

24 ऑगस्ट 2019. लुकास ऑइल स्टेडियमवर कोल्ट्सचा शिकागो बेअर्सशी सिझनआधीचा सामना. लक खेळत नव्हता, साइडलाइनवर उभा होता. तो निवृत्ती दुसऱ्या दिवशी जाहीर करणार होता, पण सामना चालू असतानाच बातमी फुटली, प्रेक्षकांच्या फोनवर पोचली आणि मैदानातून आत जाताना त्याला हुर्यो ऐकावी लागली. वय 29. करार 2021च्या सिझनपर्यंतचा. पहिला खरा सामना दोन आठवड्यांवर.

तुमच्या यजमानांचा राग त्या दोन आठवड्यांचा आहे, आणि तो अगदीच गैर नव्हता. ऐनवेळी कर्णधार उतरला, बदली क्वार्टरबॅकला गाडा ओढावा लागला, कोल्ट्सनी ते वर्ष 7 विजय आणि 9 पराभवांवर संपवलं. चाहत्यानं चिडावं, तिकिटाचे पैसे दिलेत त्यानं. पण चाहत्याचा राग घरी आणून पोराच्या ताटात वाढायचा नसतो.

आता मुलाची अर्धी गोष्ट. लक एका ऑपरेशननंतर उठून गेला नाही. बरगडीची कूर्चा फाटली, पोटाचा स्नायू फाटला, 2015मध्ये मूत्रपिंडाला जखम होऊन लघवीतून रक्त गेलं. खांद्यापायी 2017चा अख्खा सिझन बुडाला. 2018मध्ये तो परतला, गुण मिळवून देणारे 39 टचडाउन पास फेकले, पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला. मग पोटरी आणि घोट्यानं धरलं. दुखापत, वेदना, रिहॅब, परत दुखापत, या फेऱ्यात खेळातला आनंद गेला, असं त्यानं त्याच रात्री सांगितलं. म्हणजे तुमच्या लेकानंही तेवढं सोसूनच सोडावं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. दुखण्याची परीक्षा नसते. पण रिहॅबच्या सगळ्यात वाईट महिन्यात घेतलेला निर्णय आणि हात थोडा वर जायला लागल्यावर घेतलेला निर्णय यांत फरक पडू शकतो. एवढं त्याला विचारा, आणि उत्तर आलं की वाद घालू नका.

पैशाची बाजू तर दोघांनीही वगळलीय. लककडून कोल्ट्सना सुमारे 2 कोटी 48 लाख डॉलर परत मागता आले असते. त्यांनी मागितले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा होता, त्याचा हक्क नव्हे. 1999मध्ये डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स असाच करार शिल्लक असताना बाहेर पडला, तेव्हा लायन्सनी बोनस मागितला, प्रकरण लवादापुढे गेलं आणि त्याला परतफेड करावी लागली. करार अर्ध्यावर सोडता येतो, फक्त कोण काय परत करणार हे कागदावर लिहिलेलं असतं.

म्हणून आधी कागद. एनसीएए या कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार खेळाडूनं आपणहून टीम सोडली तर कॉलेजला स्कॉलरशिप थांबवता येते. मात्र मंजूर झालेल्या काळात केवळ दुखापतीमुळे ती काढून घेता येत नाही. तेव्हा "आय क्विट" असा ईमेल रात्री दोनला कोचला जाऊ देऊ नका. आधी सर्जनची भेट, खांद्याबद्दल त्यांचं लेखी मत, मग कॉलेजचं नियमांचं बघणारं कॉम्प्लायन्स ऑफिस, आणि मग कोच. सर्जनकडे तुम्ही जायचं नाही. यजमानांना मुलाला गाडी चालवत घेऊन जाऊ दे. तुम्ही लिहिलंय की मुलगा फ्रिजमधला दुधाचा गॅलन डाव्या हातानं काढतो आणि रात्री रिक्लायनरमध्ये बसूनच झोपतो. हे बापानं पाहिलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं, तुमच्या तोंडून नको. याचा निरोप त्याला आणि त्याचा याला, ही टपालसेवा आजपासून बंद करा.

यजमानांवर फार तुटूनही पडू नका. परक्या देशात येऊन त्यांनी हा खेळ शिकून घेतला, पोराला पहाटे सरावाला सोडलं. मराठी पोरगा क्वार्टरबॅक, याचा अभिमान त्यांनी कितीतरी शनिवार मिरवला असणार. तो जाताना दुखणारच. फक्त त्या दुखण्याचं बिल मुलाच्या नावावर फाडू नये.

"मंडळात काय सांगू?" हा तुमचा प्रश्न मात्र मला पटला नाही. सांगा, खांदा दुखतोय. मसालेभात संपायच्या आत विषय कोणाच्या तरी ग्रीन कार्डवर गेलेला असेल.

पुढचं आश्वासन मी देणार नाही. लक स्टॅनफर्डला परत शिकायला गेला, शिक्षणशास्त्रात एमए केलं, पालो आल्टोच्या शाळेत पोरांना फुटबॉल शिकवला आणि नोव्हेंबर 2024मध्ये स्टॅनफर्डच्या फुटबॉलचा जनरल मॅनेजर झाला. सगळ्यांचं असं होत नाही, आणि तुमच्या मुलाला कदाचित फुटबॉलचं तोंडही बघायचं नसेल. ते त्याचं तो बघेल.

एकच गोष्ट लककडून घेऊ नका, ती म्हणजे वेळ. सोडायचं ठरलंच तर ऑगस्टची वाट बघू नका. कागद हातात आले की त्याच आठवड्यात त्यानं कोचला समोर बसून सांगावं, म्हणजे बदली क्वार्टरबॅकला तयारीला पूर्ण उन्हाळा मिळेल.